हिशेबाची वही : वडिलांच्या रायफलीची किंमत किती?



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा कर्ज, फंड, विमा आणि वारसनोंद यांविषयी असतात. या खेपेस विदर्भातील एका भगिनीचे वेगळे पत्र आले आहे. त्यांचे वडील पलटणीत होते. पेन्शनवर आल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढून एक जुनी लष्करी वळणाची रायफल विकत घेतली होती. दीड वर्षापूर्वी वडील वारले. रायफल कपाटात आहे आणि परवान्याचे पुस्तक आईच्या पेटीत आहे. थोरला भाऊ म्हणतो, ही लढाईतली रायफल आहे, परदेशात अशा रायफलींना लाखो रुपये येतात. धाकटा म्हणतो, मोडीत घाला. गावातील एक गृहस्थ घरी येऊन सांगून गेले की कागदाच्या भानगडीत पडू नका, रोख देतो. भगिनी विचारतात, "खरी किंमत किती आणि ते पैसे कोणाचे?"

प्रश्न एका घरचा दिसतो, पण आपल्या समाजात पलटणीची परंपरा मोठी आहे. बँकेत, कारखान्यात, खजिन्यावर बंदूकधारी पहारेकरी म्हणून नोकरी केलेले माजी सैनिकही पुष्कळ आहेत. त्यांच्या पश्चात त्यांची बंदूक किंवा रायफल घरात राहते. म्हणून या अंकात सविस्तर लिहितो.

जुन्या रायफलीची किंमत पाहताना चार गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात. पहिली कागद, दुसरी बोअर, तिसरी अवस्था आणि चौथी तिच्यामागची हकिकत. आपले लोक चौथीपासून सुरुवात करतात आणि पहिलीपर्यंत पोहोचतच नाहीत. हिशेब तेथेच चुकतो.

रायफल पलटणीची की घरची?

प्रथम एक गैरसमज दूर करू. सैनिकाच्या हातातील रायफल ही सरकारची मालमत्ता असते. ती क्रमांकाने दिली जाते आणि क्रमांकानेच कोतमध्ये परत जमा होते. पेन्शनवर येताना कोणी जवान आपली रायफल घरी आणत नाही. तेव्हा "आजोबांनी लढाईवरून आणलेली" असे कोणी सांगत असेल आणि त्या शस्त्राचा परवाना कधीच निघालेला नसेल, तर ती वारसाने आलेली मालमत्ताच नव्हे. तेथे किंमत विचारू नये. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि त्याच्यामार्फत ते शस्त्र पोलिस ठाण्याच्या स्वाधीन करावे.

ही ओढ का असते तेही समजून घेतले पाहिजे. हिंदुस्थानी माणसाच्या हातात शस्त्र द्यायला इंग्रज सरकार नेहमी कचरत आले. १८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागची हत्यारे देण्याचे धोरण होते. गोऱ्या सोल्जराकडे मार्टिनी-हेन्री होती तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर होती. गोऱ्याला मॅगझिनची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी देशी पलटणींकडे उतरली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. आपल्या माणसांच्या वाट्याला तर त्याहून वाईट आले. कोरेगावला पराक्रम गाजवलेल्या महारांची भरतीच १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. पुढे बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली. त्या रेजिमेंटची व्हिकर्स मशीनगन थ्री-नॉट-थ्रीचेच काडतूस उडवीत असे.

अशा घराण्यातील माणूस पेन्शनच्या पैशातून परवाना काढतो आणि स्वतःच्या नावावर रायफल घेतो, तेव्हा त्याला तिचे मोल वाटणारच. ते मोल खरे आहे. पण बाजारातली किंमत वेगळ्या रीतीने ठरते.

पहिली तपासणी : कागद

परवाना रायफलीचा नसतो, माणसाचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवानाधारक वारला की घरातील दुसऱ्या कोणाला ते शस्त्र आपोआप ठेवता येत नाही. मुलगा असला तरी नाही आणि पत्नी असली तरी नाही. कलम २१ सांगते की ज्याच्याकडील शस्त्र बाळगणे बेकायदा ठरले आहे, त्याने विनाकारण विलंब न लावता ते जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. येथे घाबरण्याचे कारण नाही. जमा केले म्हणजे गेले असे होत नाही. त्याच कलमाप्रमाणे मृताच्या कायदेशीर वारसाला ठरलेल्या मुदतीत, स्वतःचा परवाना झाल्यावर, ते परत घेता येते, किंवा ते विकायला लावून पैसे घेता येतात. मुदत उलटू दिली तर मात्र जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा करताना मिळालेली पावती सातबारासारखी जपावी आणि मुदत किती ते त्याच दिवशी विचारून पावतीच्या पाठीवर लिहून ठेवावे.

जमा न करता ठेवली तर काय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना साधे शस्त्र बाळगल्यास किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. शस्त्र प्रतिबंधित वर्गातील असेल तर किमान ७ वर्षे आणि कमाल १४ वर्षे. आपल्या घरात बहुधा एखादा तरी मुलगा किंवा मुलगी सरकारी नोकरीत असते. अशा गुन्ह्यात अटक होऊन ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की नोकरी नियमांप्रमाणे निलंबन झाले असे मानले जाते. तीन पिढ्यांच्या कष्टाने मिळालेली नोकरी कपाटातल्या एका रायफलीपायी अडचणीत येते.

कित्येक घरांत हे लक्षात येते ते निवडणुकीच्या वेळी. परवान्याची शस्त्रे जमा करा असा निरोप घेऊन ठाण्याचा शिपाई येतो, आणि विचारतो परवानाधारक कोठे आहेत. ते तर वारले! मग धावपळ. अशी वेळ येऊ देऊ नये. मृत्यूचा दाखला हाती येताच ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. ज्यांना दीड वर्ष झाले आहे त्यांनी दोन वर्षे होण्याची वाट पाहू नये. वकिलाला सोबत घेऊन याच आठवड्यात अर्ज द्यावा.

आणखी एक गोष्ट. परवानाधारक हयात असताना त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी शस्त्र नेऊ शकतो. तो वारला की ते अधिकारपत्रही संपले. तेव्हा "किंमत विचारून येतो" म्हणून रायफल चादरीत गुंडाळून एस.टी.ने तालुक्याला नेऊ नये. ती कशी आणावी हे ठाण्यातच विचारावे. घरी असेपर्यंत ती कुलपात ठेवावी, मुलाबाळांच्या हाती लागू देऊ नये आणि भरलेली आहे की नाही हे स्वतः खटका ओढून पाहू नये. काडतुसे असतील तर तीही मोजून अर्जात लिहावीत आणि सोबत जमा करावीत.

दुसरी तपासणी : बोअर

कागद नीट असेल तर पुढचा प्रश्न नळीचा. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो आणि नळीवरही तो ठोकलेला असतो. दोन्ही जुळतात का पाहावे.

ज्याला आपण थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती ली-एन्फिल्ड रायफल. तिचा प्रसिद्ध मार्क-३ नमुना १९०७ सालचा. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे तयार झाली. दोन्ही महायुद्धांत हिंदी जवानांनी ती खांद्यावर वाहिली. पुढे ती पोलिसांकडे राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. पण साध्या नागरिकासाठी ही रायफल प्रतिबंधित वर्गात येते. .३०३ किंवा ७.६२ मि.मी. बोअरच्या बोल्ट-ॲक्शन रायफली आणि त्या बोअरची लष्करी काडतुसे ज्यांत बसतील व उडतील अशा रायफली नियमांनी या वर्गात टाकल्या आहेत. .४१० बोअरची मस्केटही त्यातच आहे. दिसायला ती थ्री-नॉट-थ्रीसारखीच असते, कारण पोलिसांसाठी जुन्या ली-एन्फिल्ड रायफलींचेच तसे रूपांतर केले जात असे.

यामुळेच .३१५ बोअरची रायफल निघाली. लष्करी काडतूस नागरिकाला मिळू नये म्हणून वेगळ्या मापाचे काडतूस ठरवले आणि ईशापूरने जवळजवळ तसल्याच यंत्रणेची रायफल त्या मापात बनवली. पुष्कळदा घरचे लोक "लढाईतली रायफल" म्हणून जी दाखवतात ती हीच असते. वडिलांनी ती परवान्यावर दुकानातून घेतलेली असते. पलटणीतल्या रायफलीशी तिचे तोंडवळा जुळते, म्हणूनच त्यांनी ती निवडलेली असते.

या दोन मापांमुळे किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. .३१५ प्रतिबंधित वर्गात नाही. तिचा परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आणि आयुक्तालय असेल तेथे पोलिस आयुक्तांना आहे. म्हणून तिला गिऱ्हाईक मिळू शकते. .३०३ चा विषय केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. असा परवाना असलेला किंवा मिळू शकणारा माणूस शोधावा लागतो. एखाद्या जुन्या परवान्यावर .३०३ असेलही आणि ती बाळगणे त्या माणसापुरते कायदेशीरही असेल, पण विकायला गेल्यावर गिऱ्हाईक जवळजवळ नाही. जी वस्तू दुर्मिळ ती महाग, हा नियम येथे उलटा पडतो. घेणारा कायद्यानेच मर्यादित असेल तर दुर्मिळ वस्तूही पडून राहते.

तिसरी तपासणी : अवस्था

हे काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडील कारागिराकडून करून घ्यावे. पण काय पाहतात हे घरच्यांना माहीत असले म्हणजे कोणी फसवत नाही.

पहिली पाहतात नळी. आतील आटे स्वच्छ व टोकदार असतील तर भाव, गंजाचे खड्डे पडले असतील तर भाव खाली. जुन्या .३०३ काडतुसांच्या टिकलीतील मसाल्याने नळी गंजत असे. म्हणून पलटणीत गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतून मग तेल फिरवीत. पेन्शनर जवान ही सवय घरीही सोडत नसत. अशा शिस्तीच्या माणसाची रायफल चाळीस वर्षांनीही आतून चकचकीत निघते. याउलट, पश्चात दहा पावसाळे माळ्यावर काढलेली रायफल बाहेरून धड दिसली तरी आतून गेलेली असते.

दुसरे पाहतात क्रमांक. लष्करी रायफलीच्या मुख्य सांगाड्यावर, नळीवर आणि बोल्टवर क्रमांक असतो. तिन्ही जुळले तर उत्तम. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असेल तर किंमत घसरतेच, शिवाय ती उडवणे धोक्याचे ठरू शकते.

तिसरे, खुणा. कुंद्याच्या वरच्या धातूच्या पट्ट्यावर राजमुकुट, त्याखाली राजाची अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल असते. "जीआरआय" म्हणजे सम्राट जॉर्जच्या काळातील हिंदुस्थानी बनावट. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. "डीपी" अशी अक्षरे असतील तर ती केवळ कवायतीसाठी ठेवलेली रायफल, गोळी उडवण्यास अयोग्य. काडतुसांच्या बुडावर "केएफ" दिसले तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची खूण.

चौथे, लाकूड आणि रंग. पुष्कळ लोक विकण्यापूर्वी कुंद्याला पॉलिश मारतात, धातूला काथ्या घासून चकाकी आणतात. हे करू नये. मूळ काळसर झिलई गेली की जाणकार दर कमी करतो. ओरखडे असू द्यावेत. फक्त कोरडे फडके फिरवावे, तेही कारागिराकडून.

काही जण विचारतात की रायफल पूर्ण निकामी असेल तर? कलम ४५ प्रमाणे जुन्या पद्धतीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही, ते कायद्याच्या कचाट्यातून सुटते. पण "दुरुस्त करूनही" हे शब्द महत्त्वाचे आहेत. घोडा अडकला किंवा बोल्ट हरवला म्हणजे रायफल निकामी झाली असा निर्णय आपण घरी बसून करू नये.

चौथी तपासणी : हकिकत

आता थोरल्या भावाच्या मुद्द्याकडे येऊ. लढाईतल्या रायफलीला परदेशात किंमत येते हे खरे आहे. अमेरिका, इंग्लंड येथे जुन्या लष्करी रायफली जमवणारे हौशी लोक आहेत, त्यांचे लिलाव होतात. तेथील भाव मोबाइलवर दिसतात आणि डोळे दिपतात. पण तो भाव तेथील कायद्याचा आणि तेथील गिऱ्हाइकाचा आहे. आपली रायफल तेथे पोहोचवायची तर निर्यातीचा परवाना हवा. ती शंभर वर्षांपुढची ऐतिहासिक वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही आड येतो, आणि त्यात खाजगी माणसाला निर्यातीची मनाईच आहे. नागपूरच्या जमिनीचा दर मुंबईच्या दराने कोणी लावत नाही, तसेच हे आहे.

हकिकतीला किंमत येते ती कागदाच्या आधारे. रायफलीचा क्रमांक, तिची मूळ खरेदीची पावती, कोणत्या सालापासून कोणाच्या परवान्यावर आहे याची नोंद, हे सारे सलग असेल तर जाणकार दोन पैसे जास्त देतो. तोंडी गोष्टीला कोणी पैसे देत नाही. उलट तोंडी गोष्टी सांगून आपल्याच लोकांना फसवणारे आहेत. "ही कोरेगावच्या लढाईतील रायफल" असे कोणी म्हणाले तर हसून सोडून द्यावे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला आपल्या शूर पूर्वजांच्या हातात गारगोटीच्या चापाच्या, तोंडाने ठासून भरायच्या बंदुका होत्या. त्यांच्या नळीला आतून आटेसुद्धा नव्हते. .३०३ ची पहिली रायफल इंग्रज फौजेत आली ती १८८८ साली, म्हणजे सत्तर वर्षांनी. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्याने इतिहास नीट वाचलेलाही असावा.

आता आकडेमोड

किंमत विचारताना किमान दोन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्यावा. दुकानात नव्या .३१५ रायफलीचा दर काय आहे तेही विचारावे. जुनीचा दर साधारणपणे त्याच्या वर जात नाही, कारण गिऱ्हाइकाला रायफल वापरायची असते, जपून ठेवायची नसते. मग विक्रेता जो आकडा सांगेल तो आपल्या हाती येणारा आकडा नव्हे हे ध्यानात घ्यावे.

केवळ हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण घेतो. यातील आकडे बाजारभाव नव्हेत. समजा, विक्रेता म्हणाला ६०,००० रुपये येतील. त्यातून त्याचे कमिशन १५ टक्के, म्हणजे ९,००० रुपये. जमा ठेवण्याचे भाडे ४,००० रुपये. प्रतिज्ञापत्रे, नोटरी आणि येजा २,००० रुपये. एकूण वजा १५,००० रुपये. हाती येतील ४५,००० रुपये. घरात आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी असतील तर प्रत्येकाला ९,००० रुपये.

हा शेवटचा आकडा घरातल्या सर्वांनी मोठ्याने वाचावा. ज्या रायफलीवरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला, तिच्यातून प्रत्येकाच्या पदरात इतकेच पडायचे आहे.

आता गावातील त्या गृहस्थांचा रोखीचा व्यवहार याच हिशेबात मांडू. ते समजा दुप्पट देतील. पण परवान्याच्या दप्तरी त्या रायफलीचा क्रमांक वडिलांच्या नावावरच राहणार. उद्या ती कोणाच्या हाती गेली, तिच्यातून गोळी सुटली, तर पोलिस क्रमांकावरून आपल्या दारात येतील. त्या दिवशी वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखा दुप्पट किमतीत भागत नाहीत. आणि त्या गोळीने कोणाचे घर उजाडले तर त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिणार? शस्त्रांचा व्यापार ही बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या व्यापारांतील एक गोष्ट आहे. परवान्याचे जुने शस्त्र रीतसर मोकळे करणे हा व्यापार नव्हे. पण कोणाच्या हाती जाते हे न पाहता रोखीने देऊन टाकणे सम्यक आजीविकेत बसत नाही.

पैसे कोणाचे?

रायफल वडिलांनी स्वतःच्या पैशातून घेतलेली. मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. नाव हिंदू असले तरी तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. सर्वांना समान हिस्सा. बहिणीला "माहेरची साडी-चोळी" देऊन बोळवण करण्याची सोय त्यात नाही. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात बहिणीचा हिस्सा न विचारता वाटून घेतला जात असेल, तर जयंतीच्या मिरवणुकीचा उपयोग काय?

परवाना आणि मालकी यांतील फरक येथे समजून घ्यावा. रायफल ठेवायचीच असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसांत मुलगी आणि सूनही येते. परवाना ज्याच्या नावे होईल त्याने इतरांची लेखी हरकत-नाही घ्यावी आणि त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांना द्यावेत. परवाना एकाला मिळाला म्हणून बाकीच्यांचा हक्क बुडत नाही. २०१९ नंतर एका परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, पूर्वी तीन चालत. वारसाने आलेले शस्त्रही या मर्यादेतच मोजले जाते.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, त्यांना स्वतःच आपल्या वारसाचे नाव सुचवता येते. किंवा त्यांनी स्वतः हयातीतच ते विकून टाकावे. कलम ५ प्रमाणे खाजगी वापराचे शस्त्र परवानाधारक गिऱ्हाइकाला विकता येते. त्याआधी गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. गिऱ्हाइकाच्या परवान्याची प्रत घ्यावी, त्यावर युनिक क्रमांक आहे का पाहावे आणि पैसे बँकेतूनच घ्यावेत. वडील बसलेले असताना हा विषय काढणे मुलांना अवघड वाटते. तो आईने काढावा.

पेटीतले दुसरे धन

शेवटी, ज्या पेटीत परवाना आहे तीच पेटी पूर्ण उघडून पाहावी. रायफलीच्या नादात लोक इतर कागद रद्दीत घालतात. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, पदके, पलटणीतले फोटो. आईच्या कौटुंबिक पेन्शनमध्ये नावाची चूक असेल तर ती दुरुस्त होते ती याच कागदांवरून. शिक्षणाच्या सवलतींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हेच मागते. कागद हरवले असतील तर ते ज्या रेजिमेंटमध्ये होते तिच्या अभिलेख कार्यालयाला सैनिक क्रमांक लिहून पत्र पाठवावे. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

पदकांची तर मोडीत फार हेळसांड होते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असते, म्हणून सोनार ते वजनावर घेतो आणि वितळवतो. त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. एखाद्या मेडलवर १११ महार असे कोरलेले असेल, तर ज्या पलटणीला सरकारने मोडून टाकले तिच्या अस्तित्वाचा तो पुरावा आहे. तो चांदीच्या वजनावर देऊ नये. पदक ठेवायला परवाना लागत नाही, पोलिसांना कळवावे लागत नाही आणि त्यापासून कोणाला इजा होत नाही. विहारातील वाचनालयात एका काचेच्या पेटीत नाव-गाव लिहून ठेवले तर वस्तीतील मुले ते रोज पाहतील.

तेव्हा वारसांनी पुढील क्रम धरावा. मृत्यूचा दाखला, ठाण्यात अर्ज, शस्त्र व काडतुसे जमा, पावती. त्यानंतर बोअर आणि क्रमांकांची तपासणी, दोन लेखी अंदाज, सर्व वारसांची बैठक आणि बहिणीसह सर्वांच्या सह्या. मग विक्री किंवा परवाना, जे बहुमताने ठरेल ते. रायफलीचा परवान्यावरील क्रमांक, बोअर आणि खरेदीचे साल एका कागदावर उतरवून वडिलांच्या डिस्चार्ज बुकात ठेवावे. रायफल गेली तरी तेवढी नोंद घरात राहते.

वाचकांनी आपल्याकडील जुन्या सैनिकी कागदांविषयी, पेन्शनच्या अडचणींविषयी या सदराकडे जरूर लिहावे. पत्रात मूळ कागद पाठवू नयेत, झेरॉक्स पाठवावी.

जयभीम! नमो बुद्धाय!